डाव्या मागच्या दारावरचा ओरखडा

किल्ली घे, पण अजून आत बसू नकोस.
आधी फोन काढ.
समुद्राचे फोटो मग. समुद्र कुठे पळत नाही,
या बेटावर तो चारी बाजूंनी आहे.
आधी गाडीचे.

मी झुल्मिरा. पोंता देल्गादाच्या विमानतळावर
एकोणीस वर्षं परत आलेल्या गाड्या बघते.
हातात विजेरी, गळ्यात ओळखपत्र,
आणि वाकून वाकून ही अशी झालेली कंबर.
शुक्रवारी शेवटची पाळी, म्हणून बोलतेय.
गेल्या महिन्यात आली असतीस
तर नुसती हसून सही घेतली असती.

चाकांच्या कडा काढ, चारही, खाली बसून.
गुडघ्याला चिखल लागला तर लागू दे,
चिखल धुता येतो.
छपराकडे कुणी बघत नाही, तू बघ.
वायपरखाली, काचेच्या कोपऱ्यात
कधी तांदळाच्या कणीएवढा टवका असतो;
परत येईतो कागदावर त्याचा वाटाणा होतो.
पेट्रोलचा काटा. किलोमीटरचा आकडा.
पण आत्ता नको, पावसात नको.
ओली गाडी सगळ्यांना निर्दोष दिसते.
इथे पाऊस दिवसातून चारदा येतो आणि जातो,
वीस मिनिटं थांब.

तोवर इकडे ये. डावं मागचं दार.
बोट फिरव, ओल्यातही लागेल.
माशाच्या काट्यासारखा, वीतभर.
हा मी नऊ जणांना विकलाय.

दार एकदाही रंगवलं नाही,
रंगाचे पैसे नऊदा घेतले.
एर्मिनियू, आमचा साहेब, म्हणायचा,
ही गाडी दुभती आहे.
माणसांहून गायी जास्त असलेल्या बेटावर
हा विनोद लगेच कळतो.
सगळे हसले. मी पण.

आठ जण भांडले.
एकाने टेबलावर मूठ आपटली,
एकीने माझ्या सात पिढ्या काढल्या, तिच्या भाषेत.
बरं वाटायचं.
भांडणाऱ्याचे पैसे घेताना हाताला काही चिकटत नाही.

नववा एदुईनू. फायाल बेटावरचा,
गुरांचा डॉक्टर, निवृत्त.
नातीच्या बाप्तिस्म्याला आला होता, तीन दिवस.
मी ओरखड्यावर उजेड धरला.
त्याने चष्मा पुसला, वाकला, बराच वेळ.
मग म्हणाला,
"चर्चमागे भिंत होती खरी.
गाडी वळवताना काही घासल्यासारखं...
हो, मीच असेन."
आणि माफी मागितली.
माझी.
दोनशे चाळीस युरो मोजले, शेवटचे वीस सुटे.
म्हणाला, आता चालवणं सोडायलाच हवं,
मुलगी केव्हापासून सांगतेय.

कळलं? फोटो माझ्यासाठी नाहीत.
माझ्याशी तू भांडशीलच, तुझ्या नाकावरूनच दिसतंय.
फोटो त्या घटकेसाठी,
जेव्हा कुणी उजेड धरून ठासून सांगतं, हे तुझंच,
आणि चांगला माणूस
आधी स्वतःच्याच मनाची झडती घेतो.

आणि परत देताना,
रात्री काउंटर बंद असेल, पेटीत किल्ली टाक म्हणतील.
टाकू नकोस.
सकाळपर्यंत गाडी तुझ्या नावावर आणि रात्र त्यांच्या.
माणूस येऊ दे, त्याच्यासमोर फेरी मार,
नवीन नुकसान नाही, एवढं लिहून घे,
मग पळ विमानाकडे.

हा करार. यातल्या गाडीच्या चित्रावर
डाव्या मागच्या दारावर मी फुली मारलीय.
इतकी वर्षं ती जागा कोरी ठेवली.
दाबून मारलीय, खालच्या प्रतीवरही उमटली पाहिजे.

एदुईनूचा पत्ता आहे माझ्याकडे, जुन्या कागदावरून.
पाकीट तयार आहे, पैसेही आत आहेत.
सोबत काय लिहायचं ते सुचत नाही.
गाडी विकली असेल का त्याने?

चल, थांबला पाऊस.
हे फडकं घे. आधी छप्पर.